कामकाजातून वगळलेले अकरा तास

विधानसभेच्या सभागृहात कोण काय बोललं ते शब्द न् शब्द टिपून घ्यायचं, हे तिचं काम. एकवीस वर्षं तेच. मोठी मोठी माणसं एकमेकांची उणीदुणी काढायची आणि ही बापडी खाली मान घालून लिहायची. लेखनिकांची पाळी दर दहा मिनिटांनी बदलते. आज सरकारी दवाखान्यांवर चर्चा होती, आणि त्यातली नेमकी दहा मिनिटं तिने मागून घेतली होती.

कारण आज आईचा विषय निघणार होता. चार महिन्यांपूर्वी आई छातीत कळा येत असताना सरकारी दवाखान्याच्या बाकड्यावर अकरा तास बसली आणि तिथेच गेली. खाट मिळाली नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून अहवालात मृत्यूही नाही. काय म्हणावं या अकलेला! बाबांचं तेव्हापासून एकच टुमणं होतं, "छापून आलं पाहिजे गं. सरकारी कागदावर आलं पाहिजे."

म्हणून तिने विरोधी बाकावरच्या एका सदस्याला चिठ्ठी लिहून दिली. मोजून चार वाक्यं. कुठल्या शब्दांवर कात्री चालते हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तसला एकही शब्द तिने ठेवला नव्हता. "एवढंच वाचा साहेब, पदरचं काही घालू नका," असं हात जोडून सांगितलंही होतं.

मंत्री उठले. म्हणाले, "चार तासांच्या वर एकही रुग्ण ताटकळलेला नाही." सदस्याने चिठ्ठी काढली. आईचं वय, बाकडं, अकरा तास, सगळं नीट वाचलं. तिचा हात सरसर चालत होता आणि डोळे भरून येत होते. तेवढ्यात मंत्री शेजाऱ्याकडे बघून हसले. झालं! सदस्याचं डोकं फिरलं. "खोटारडे! खुनी आहात तुम्ही!"

एकच गदारोळ उठला. अध्यक्षांनी घंटा वाजवली. "सदस्यांचं हे सगळं बोलणं कामकाजातून वगळा."

अहो, शिवीचे तेवढेच शब्द वगळा ना, असं ओरडावंसं वाटलं तिला. पण लेखनिकाला तिथे तोंड नसतं. पाळी संपल्यावर टेबलाशी बसून तिने चारही वाक्यांवर रेघ ओढली. मंत्र्यांचं वाक्य तसंच राहिलं.

कामकाजाची छापील प्रत घरी आली तेव्हा बाबा चष्मा पुसून बसलेच होते. ओळीओळीवरून बोट फिरवत ते शेवटपर्यंत गेले, मग परत मागे आले.

"आपलं माणूस कुठंय यात?"

"वगळलं, बाबा."

"कोणी?"

अध्यक्षांनी, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"मी. माझ्याच हाताने," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली.

बाबांनी तिला जवळ घेतलं नाही. ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले.