ताईला सोसेल ते

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या मापाच्या रेघा पुसट झाल्या आहेत आणि झाकणाला एक बारीक चीर गेली आहे. माझ्या पोटात तारेची एक गोळी असायची, तीही कुठेतरी हरवली. तरी मी अजून शेकरच आहे. आत पाणी ओतायचे, पावडर टाकायची, झाकण लावून जोरजोरात हलवायचे आणि पिऊन टाकायचे, एवढ्या एका कामासाठी माझा जन्म झाला. आज मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे. ती माझ्यापेक्षा दोन बहिणींचीच जास्त आहे.

एका कारखान्यात प्लास्टिकचे दाणे वितळवून आणि साच्यात दाबून मला घडवले. मग प्रोटीन पावडरच्या एका भल्यामोठ्या डब्याबरोबर मला फुकट देऊन टाकले. तो डबा चिमणीने घेतला, हे माझे भाग्य.

चिमणी हे तिचे घरातले नाव. प्रत्यक्षात ती व्यायामशाळेत लोकांना वजने उचलायला शिकवायची, आणि तिचे दंड पाहून नवख्या माणसाची बोबडीच वळायची. "अजून एक! शेवटचा! अजून एक शेवटचा!" असे ओरडत ती थकलेल्या माणसाकडूनही काम करवून घ्यायची. मधल्या सुट्टीत मला डोक्यावर धरून अशी काही हलवायची, की आजूबाजूचे लोक हसून बघत राहायचे. पाहता पाहता माझ्यात पांढराशुभ्र फेस चढे. त्या फेसाचा मला फार अभिमान होता. चिमणी एका दमात सगळे संपवी, ओठ पुसे आणि लगेच मला धुऊन ठेवी. तिचे पोटही तसेच होते, काहीही टाका, पचवून मोकळी.

तिची ताई शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते. खिडकीपाशी शिलाई मशीन, शेजारी कापड बेतायचे टेबल आणि ताईच्या गळ्यात सदा लोंबणारी मापाची टेप. आई गेली तेव्हा चिमणी लहान होती. त्या मशीनवर बसूनच ताईने तिला वाढवले, शिकवले, आणि पोरीला पुस्तकांपेक्षा वजने उचलायची हौस आहे हे कळल्यावर पहिले बूटही घेऊन दिले. स्वतःचा संसार थाटायचे मात्र राहूनच गेले.

मग ताईच्या पोटात वाईट गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी पोटाचा मोठा भाग काढून टाकला. घरी सोडताना डॉक्टरांनी चिमणीला बजावले, "आता वजन वाढलं पाहिजे. अंगात ताकद आल्याशिवाय पुढचं औषध देता येणार नाही, शरीराला ते पेलणार नाही. आणि ते औषध लांबणीवर टाकून चालायचं नाही."

ताकद वाढवणे हा तर चिमणीचा धंदाच होता. त्याच संध्याकाळी तिने मला घरी आणले.

"ताई, आता तू बघच. महिन्याभरात तुला अशी टुणटुणीत करते, की कपाटसुद्धा एकटी सरकवशील."

"कपाट कशाला सरकवू? आहे तिथे बरं आहे की," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चिमणी मला भरून ताईपुढे ठेवू लागली. पावडर तिचीच, दुधापासून केलेली आणि चॉकलेटच्या चवीची. ताईने पहिला घोट घेतला.

"कसं आहे?"

"छान आहे गं."

चिमणी खुशीत कामावर गेली. थोड्याच वेळात ताई मशीनवरून उठली आणि पोट धरून जमिनीवर बसली. मग तिला बाथरूमकडे धावावे लागले. परत आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. मी टेबलावर अर्धा भरलेला तसाच उभा होतो. माझ्याकडे तिने खूप वेळ पाहिले. मग मला उचलून बेसिनमध्ये रिकामे केले, नळ सोडून डाग घालवले आणि मला स्वच्छ धुऊन पालथे घातले.

रोज तसेच होऊ लागले. चिमणी समोर असेपर्यंत ताई दोन-चार घोट घेई आणि म्हणे, "इस्त्री तापलीय, तेवढं आवरून उरलेलं पिते." चिमणीची पाठ वळली, की उरलेले बेसिनमध्ये जाई. त्या दोन-चार घोटांनीही तिचे हाल होत. दुपारचे मशीन बंद राहू लागले आणि गणवेशांचे गठ्ठे तसेच पडून राहिले. मला तोंड आहे, पण ते फक्त पिण्यासाठी. मी काय सांगणार?

ताई झिजत होती, पण चिमणीला ते दिसत नव्हते. त्याचे कारण मीच काय ते पाहत होतो. आठवड्या-पंधरवड्याला ताई दार लोटून घ्यायची, अंगातला कपडा उलटा करून मशीनखाली धरायची आणि बाजूची शिवण आत घ्यायची. कपडा पुन्हा अंगासरशी बसे. हात तिचा इतका सफाईचा, की बाहेरून काही म्हणजे काही कळत नसे.

तपासणीच्या दिवशी मात्र वजनकाट्यापुढे सफाई चालली नाही. डॉक्टरांनी पुढचे औषध पुढे ढकलले. घरी आल्यावर चिमणी चक्रावून गेली होती.

"असं कसं होईल? रोज पितेस. कपडेही तुला नीट बसतायत." बोलता बोलता तिने ताईच्या कपड्याची बाजू चिमटीत धरली, आणि तिच्या बोटांना आत जाड काहीतरी लागले. तिने कड उलटी करून पाहिली. एका शिवणीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी.

"ताई, हे काय आहे?"

"जुना कपडा आहे. उसवला होता."

"मला शिवता येत नाही, पण डोळे आहेत मला. हे कधीपासून चाललंय?"

चिमणीने मला उचलले आणि ताईसमोर धरले. "आणि हे? हे तरी पोटात जातं का?"

"त्याने पोटात कळा येतात गं," ताई खाली बघून म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या हौसेने करून देत होतीस. लहानपणी मी पुढ्यात ठेवलेलं तू कधी टाकलं नाहीस. कच्चं, करपलं, सगळं मुकाट्याने खाल्लंस. मग तू दिलेलं माझ्याने कसं टाकवेल?"

"टाकलंसच की! बेसिनमध्ये!"

मग ताईला हसू फुटले, चिमणीलाही फुटले, आणि हसता हसताच चिमणी तिच्या मांडीवर डोके ठेवून हमसून रडू लागली.

"मला वाटत होतं तुला ते सोसतंय. आणि तू नुसती सोसत होतीस."

ताई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. शेवटी चिमणी डोळे पुसून उठली. "आता एक ठरवायचं. खरं सांगायचं. मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं नाही."

"आणि वाटलं वाईट तर?"

"वाटू दे. हे दंड काय शोभेला वाढवलेत?"

तिथून शोध सुरू झाला. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी समजावले, की शस्त्रक्रियेनंतर दुधातली साखर पुष्कळांना पचत नाही. तोवर चिमणी डब्यावरचे पिळदार दंडांचे चित्र पाहून पावडर घ्यायची. आता ती डबा थेट उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचू लागली. दुकानदार कंटाळला, पण त्याने छोटी पाकिटे द्यायचे कबूल केले. दुधातली साखर काढून टाकलेली एक आणली. ती पहिलीपेक्षा बरी निघाली, पण गोडीसाठी त्यात काहीतरी घातले होते, त्याने पोट टम्म फुगले.

"ही गोड बोलून घात करणारी आहे," ताईने निकाल दिला. सोयाबीनच्या पावडरीने दिवसभर ढेकर आले. वाटाण्याच्या पावडरीवर ती म्हणाली, "आत ढोल वाजतायत. ऐकायचेत?" आणि चिमणीने खरोखरच तिच्या पोटाला कान लावला.

खरे सांगायला लागल्यापासून घरात हसणे वाढले होते, पण ताईच्या गालांची हाडे वर येत होती आणि औषध पुढेच जात होते. अखेर तांदळापासून केलेली एक साधी पावडर मिळाली. तिला चव नव्हती, वास नव्हता, रंगही धड नव्हता. ओल्या भिंतीला जीभ लावल्यासारखे लागते, असे ताई म्हणाली. पण कळा थांबल्या. फक्त फुगारा काही जाईना.

"करता कशी, ते दाखवा," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

चिमणीने मला पिशवीतून काढले. व्यायामशाळेतल्यासारखेच डोक्यावर धरले आणि जीव तोडून हलवले. मीही माझी सगळी कला पणाला लावली. झाकण उघडले, तेव्हा काठापर्यंत फेस आला होता.

बाईंनी त्यात डोकावून पाहिले. "हा फेस म्हणजे हवा. यांचं पोट आता एवढंसं उरलंय. ते पावडरने भरायचं की हवेने? वाटीत घ्या, चमच्याने हळूहळू कालवा. वर बुडबुडे आले तर बसू द्या. मग घोट घोट करत, हवा तेवढा वेळ घेऊन पिऊ द्या. घाई करू नका."

मित्रांनो, ज्या फेसाचा मला आयुष्यभर तोरा होता, तोच ताईला त्रास देत होता. त्या दिवशी मला स्वयंपाकघरातल्या फडताळात वर ठेवले, आणि माझी जागा एका स्टीलच्या वाटीने घेतली. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण वरून, उघड्या दारातून, मला मशीन दिसत होते. हळूहळू ते दुपारचे पुन्हा चालू लागले. गणवेशांचा एक गठ्ठा हातावेगळा झाला, मग दुसरा. आणि एके दिवशी ताईने आपलाच कपडा उलटा करून कात्रीच्या टोकाने सगळ्यांत आतली शिवण उसवली. तिने चिमणीला हाक मारली, आणि दोघी तो लोंबणारा दोरा हातात घेऊन लहान मुलींसारख्या नाचल्या.

औषध सुरू झाले. पण दुखणे तोवर पुढे निघून गेले होते. चिमणीने एकदा डॉक्टरांना विचारले, "ते वाया गेलेले आठवडे हातात असते तर?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." घरी येऊन तिने हेच शब्द रिकाम्या स्वयंपाकघरात पुन्हा उच्चारले. तिथे मी होतो म्हणून मला ठाऊक. ताईला तिने हे कधीच कळू दिले नाही.

मग ताई मशीनवर बसेनाशी झाली. खिडकीजवळच तिची खाट हलवली. वाटीतले घोट कमी कमी होत गेले. एका सकाळी चिमणी वाटी घेऊन तिच्या उशाशी बसली.

"खरं सांगू?" ताईने विचारले.

"सांग."

"आता नको, चिमणे. हेही नको आणि दुसरं काही शोधूही नकोस. नुसती बस माझ्याजवळ."

चिमणीच्या ओठांवर शब्द आले होते. आयुष्यभर तिने तेच तर लोकांना ऐकवले होते: अजून एक, शेवटचा. मला वाटले, आता म्हणते. पण तिने तोंड मिटून घेतले. वाटी खिडकीत ठेवली, खाटेवर चढून ताईच्या शेजारी आडवी झाली आणि तिचा हात हातात घेतला. दुपारभर त्या तशाच पडून होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत ताई गेली.

तांदळाच्या पावडरीचे न फोडलेले पाकीट चिमणीने आहारतज्ज्ञ बाईंना नेऊन दिले. घरी पुष्कळ दिवस चूल पेटली नाही. माझ्यावर धूळ बसली आणि बंद झाकणाखाली कोंदट वास धरला. मित्रांनो, वापर झाला की माझ्यासारख्यांना लगेच धुऊन उघडे ठेवा, एवढे तर मी मागेनच. पण मोठी विनंती वेगळी आहे. आपल्या माणसाला प्रेमाने काही दिलेत, तर ते त्याला मानवते का, हेही विचारा. आणि प्रेमाने दिलेले सोसत नसेल, तर तसे सांगा. ऐकणाऱ्याला वाईट वाटेल, पण तो ते पेलेल.

पुढे चिमणी कामावर परतली. एके दिवशी तिने मला घासून काढले आणि नुसते पाणी भरून बरोबर नेले. चिरेतून थेंब गळतात, म्हणून ती मला उभे धरून नेते. परवा व्यायामशाळेत एक नवा माणूस आला. डोळ्यांखाली काळे, पट्टा शेवटच्या भोकावर.

"मॅडम, सगळ्यात भारी पावडर कुठली, ती सांगा."

चिमणीने हातातले वजन खाली ठेवले. "पोट कसं आहे तुमचं?"

"ठीक आहे," तो पटकन म्हणाला.

पूर्वी एवढ्यावर तिने डब्याचे नाव सांगितले असते आणि पुढच्या माणसाकडे वळली असती. आता तिने बाक ओढला, त्याच्यासमोर बसली आणि खऱ्या उत्तराची वाट पाहू लागली. त्याने एकदा दाराकडे पाहिले, एकदा जमिनीकडे. ती तिथून हलली नाही.