कवळीवाल्याची गांडुळं

सलग चौथ्या रविवारी सासरे तळ्यावरून रिकाम्या हाताने परतले, गळाची काठी दाराआड उभी केली, चपला ओळीत लावल्या आणि हात धुता धुता म्हणाले, "पुढच्या महिन्याच्या अखेरीस मी वृद्धाश्रमात जातोय. खोली बघून आलोय. खिडकी पूर्वेला आहे."

दूध संपलंय हे सांगावं, तशा आवाजात. मुलगी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. जावई पेपरच्या आडून बाहेरच आला नाही.

या जावयाला गल्लीत सगळे कवळीवाला म्हणत. गावातले निम्मेअधिक दातांचे डॉक्टर माप घेऊन त्याच्याकडे पाठवत आणि तो दोन खोल्यांच्या लॅबमध्ये बसून कवळ्या घडवी. आपल्या हातून बाहेर पडलेली वस्तू दहा वर्षं टिकलीच पाहिजे, असा त्याचा खाक्या होता. माणूस तेवढा टिकेल की नाही, हा विचार त्याच्या हिशेबात नव्हता.

सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून सासरे लेकीकडे होते आणि त्यांचा काडीचाही त्रास नव्हता. खरा त्रास तोच होता. ताटात पडेल ते खात, आपली चादर आपण घडी करत, आणि बसायलाही अशी जागा निवडत की कुणाच्या जाण्यायेण्यात येऊ नये. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासण्याची नोकरी केलेला माणूस. बोलणंही आता तोलूनमापून. "हो", "नको" आणि "ठीक आहे" एवढ्यावर त्यांचा दिवस भागे.

ते आंघोळीला गेले तशी बायकोने नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, मासे लागत नाहीत म्हणून खचलेत ते. आई होती तेव्हा पिशवी भरून आणायचे. काहीतरी करा ना. अख्ख्या गावाला चावायला दात देता, एका माशाला चावायला काही देता येत नाही तुम्हाला?"

"माझं काम दातांचं आहे. माशांचं नाही."

"धंदा तोच आहे. फक्त दुसऱ्या बाजूने."

बायकोच्या बोलण्यात तथ्य असलं की कवळीवाल्याला आधी राग येई आणि मग तो मुकाट्याने कामाला लागे.

गळाच्या सामानाच्या दुकानात मऊ प्लास्टिकची चिमुकली आमिषं मिळतात, हे त्याला ठाऊक झालं. इंचभर लांबीची, पाण्यात शेपूट हलवणारी. माशाला वाटतं, काहीतरी जिवंत आहे. त्याने एक पाकीट आणलं, त्यातलं एक ब्लेडने उभं चिरलं, ताणलं, हुंगलं, आणि दुसऱ्या लॅबच्या कवळीवर द्यावा तसा निकाल दिला: "घाईचं काम." मग त्याने द्रवरूप प्लास्टिकने भरलेला डबाच मागवला. दिसायला दुधासारखं, तापवलं की आधी घट्ट होतं, मग पारदर्शक. साच्यात ओतून थंड केलं की कानाच्या पाळीइतकं मऊ.

पहिला घाणा करपला. एक डॉक्टर कवळी न्यायला आले होते, ते वास घेऊन दारातूनच परत गेले. दुसऱ्या घाण्यात बुडबुडे राहिले. तिसरा नीट निघाला, पण त्यातलं आमिष बादलीत सोडल्यावर शेपूट न हलवता थेट तळाशी जाऊन पडलं. तेव्हा कवळीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला: आपण मनाने आकार काढतोय. जबड्याचं माप न घेता कुणी कवळी करतं का?

त्याने कुंडीतून एक धष्टपुष्ट गांडूळ काढलं. पेशंटला सांगता येतं, हलू नका. गांडुळाला सांगून उपयोग नव्हता, म्हणून ते सुस्त व्हावं यासाठी दहा मिनिटं वाटीत घालून फ्रीजमध्ये ठेवलं. ते बायकोला सापडलं. त्यानंतर जे बोलणं झालं ते इथे देत नाही. पण माप उत्तम आलं. गांडूळ सुखरूप कुंडीत परत गेलं आणि साच्यातून जे निघालं, त्याच्या अंगावर एकूण एक वळी उमटली होती. हिरड्यांच्या रंगाच्या अकरा छटा कवळीवाल्याकडे होत्या. त्यातल्या तीन मिसळून त्याने नेमका रंग साधला. फरशीवर कुंडीतलं खरं आणि हे खोटं शेजारी ठेवून बायकोला विचारलं, यातलं खोटं कुठलं? तिने खऱ्याकडे बोट दाखवलं. त्याला भरून आलं.

ते त्याने बशीत घालून सासऱ्यांपुढे ठेवलं. सासरे खुर्चीत इतके मागे सरकले की खुर्ची कुरकुरली.

"रंग चुकलाय," ते म्हणाले.

रंग बदलला. मग लांबी जास्त झाली. लांबी कमी केली, तर फार चकचकीत झालं. दर वेळी सासरे हात पाठीमागे बांधून आणि आदल्या वेळेपेक्षा एक पाऊल लांबून बघत. कवळीवाल्याने याचा अर्थ असा लावला की तराजू तपासलेली नजर आहे, तिला बारीकसारीकही चालत नाही. दातांच्या धंद्यात उभी हयात गेली की प्रत्येक तक्रार माप चुकल्याचीच वाटते. त्याने कंबर कसली. सहाव्या नमुन्याला तर मातीचा वास होता आणि नुसत्या बोटाने हलवला तरी तो वळवळायचा. त्या दिवशी सासरे न जेवताच उठले.

रविवारी मात्र कवळीवाला डबी घेऊन त्यांच्या मागोमाग तळ्यावर गेला. सासरे काठावर चटई अंथरून बसले होते. चटईच्या डाव्या अर्ध्यावर ते आणि उजवा अर्धा रिकामा. पाण्यावर दोराला बांधलेली लाल गोळी तरंगत होती, जराही न हलता.

"बाबा, वर ओढा जरा. माझं लावून बघतो."

"राहू द्या."

"एकदाच." आणि त्याने स्वतःच दोर ओढला. गळाला काही नव्हतं.

"मासा गांडूळ घेऊन गेला वाटतं."

"नाही."

"मग?"

"लावलंच नव्हतं." सासऱ्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. "मला गांडूळ हातात धरवत नाही. लहानपणापासून. नुसतं बघितलं तरी अंगावर काटा येतो. तुमच्या सासूबाई लावून द्यायच्या. बेचाळीस वर्षं. लोक म्हणायचे, काय हात आहे या माणसाचा! हात तिचा होता. मी नुसती काठी धरायचो."

"म्हणजे इतके रविवार तुम्ही मोकळा गळ टाकून बसलात?"

"घरात बसलो असतो तर पोरगी काळजीत पडली असती."

कवळीवाल्याला आपले सहा नमुने एकामागून एक आठवले, प्रत्येक आधीच्याहून जास्त गांडूळ असलेला. त्याने डबी हळूच पाठीमागे लपवली.

त्या आठवड्यात त्याने असा जीव घडवला, ज्याचं गांडुळाशी लांबचंही नातं लागू नये. करंगळीच्या नखाएवढं अंग, सपाट पोट, पानासारखी पातळ शेपटी, वळी औषधालासुद्धा नाही. रंग कवळीच्या हिरडीचा, कारण तोच उरला होता. सासऱ्यांनी ते दोन बोटांत धरलं, दाबलं, उलटं करून बघितलं.

"हे कोण आहे?"

"कुणी नाही."

"बरं," ते म्हणाले आणि स्वतःच्या हाताने गळाला लावलं.

त्या रविवारी पाच मिनिटांत पहिला मासा लागला. अकरा वाजेपर्यंत नऊ. नऊच्या नऊ एकाच आमिषावर, आणि त्याला साधी चीरही पडली नव्हती. मागे दगडावर बसलेल्या कवळीवाल्याची छाती फुगली. "दहा वर्षं टिकेल, बाबा!" तो म्हणाला. सासऱ्यांनी मान हलवली, मासा सोडवला, गळ पुन्हा पाण्यात टाकला. एवढंच बोलणं झालं.

घरी मुलीने पिशवी बघून टाळ्याच पिटल्या. शेजारीपाजारी मासे वाटले. जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी कपाटावरची बॅग काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि आपले सदरे घडी करून भरायला घेतले.

"बाबा, हे काय?"

"तारीख तीच आहे," ते म्हणाले.

मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळाचा आवाज कमी पडला. कवळीवाला दारात उभा राहिला. आता त्याने हात टेकले होते.

"बाबा, मासे लागले. आता काय राहिलं?"

सासरे बराच वेळ एकाच सदऱ्याची कॉलर सारखी करत राहिले. "तुमच्या कामात दोष नाही, जावईबापू. उत्तम काम आहे. पण गांडूळ कसं, मासा लागो न लागो, तोडून नेतो. गळ रिकामा झाला की मी न बघता उजव्या बाजूला धरायचो. ती नवं लावायची, आणि लावता लावता बोलायची. शेजारीण काय म्हणाली, मशीनची सुई कशी तुटली, मोरीचं पाणी कुठं तुंबलं. दर दहा मिनिटांनी. तुमचं हे सुटतच नाही. आज पाच तास बसलो, एक शब्द बोलायला कारण पडलं नाही." त्यांनी सदरा बॅगेत ठेवला. "फार आठवण येते हो तिची. तिथे निदान सगळेच गप्प बसलेले असतील."

दुसऱ्या दिवशी कवळीवाल्याने लॅबचं दार आतून लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला न टिकणारी वस्तू करायची होती आणि ती काही केल्या जमेना. मऊ करणारं तेल दुप्पट घातलं, तरी आमिष तुटेना. हाताला सवय नव्हती. मग त्याने मीठ कुटून मिसळलं. मिठाने प्लास्टिक भुसभुशीत होतं. प्रत्येक घाण्यातलं एक तो नमुन्याच्या कवळीत धरून चावायला लावी. चौथ्या घाण्याचं एका चाव्यात तुटलं. त्याने ते चार वेळा पडताळून पाहिलं आणि वहीत लिहिलं: समाधानकारक. तसली बावीस केली आणि डॉक्टरांच्या नजरेस पडू नयेत म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो तळ्यावर गेला आणि दगडावर न बसता चटईच्या उजव्या अर्ध्यावर बसला. सासऱ्यांनी बघितलं, त्याने पुढे केलेलं नवं आमिष गळाला लावलं आणि गळ पाण्यात टाकला. पहिला झटका बसला, गोळी बुडाली, दोर वर आला. मासा नव्हता, आमिषही नव्हतं. सासरे त्या रिकाम्या गळाकडे बघत राहिले. मग हळूच, मान न वळवता, त्यांनी तो उजवीकडे धरला.

कवळीवाल्याने नवं लावलं. आता बोलायचं होतं, आणि त्याची बोबडी वळली. वीस वर्षं ज्या दातांशी त्याचा संबंध आला होता, त्यातला एकही बोलका नव्हता.

"काल एका बाईंची कवळी परत आली," तो शेवटी म्हणाला. "म्हणतात, हसताना शिट्टी वाजते."

सासऱ्यांनी दोर थोडा सैल सोडला.

"नवऱ्यापुढे, की सगळ्यांपुढे?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते नाही विचारलं."

"विचारायला हवं होतं," सासरे म्हणाले आणि गळ पुन्हा उजवीकडे आला.

नऊ वाजेपर्यंत बावीसच्या बावीस आमिषं संपली. मासे दोन लागले, तेही हाताच्या बोटाएवढे. शिट्टीवाल्या बाईंचं झालं, लॅबच्या घरमालकाचं झालं, बायकोने फ्रीजवरून काय काय ऐकवलं तेही सांगून झालं. त्यावर सासरे चक्क हसले होते. शेवटच्या आमिषाचा अर्धा तुकडा गळाला राहिला होता. तो त्यांनी बोटांत धरून दाबला, तसा त्याचा भुगा झाला. तीस वर्षं खोटी वजनं पकडलेल्या माणसाने त्या भुग्याकडे एकदा आणि जावयाकडे एकदा बघितलं.

"माल जरा खराब निघाला," कवळीवाला म्हणाला.

"हं. एवढीच आणली होती?"

"हो."

सासऱ्यांनी दोर गुंडाळायला घेतला. "पुढच्या रविवारी पन्नास आणा."

पुढचा रविवार तारीख उलटून गेल्यावर येत होता. कवळीवाल्याने मनातल्या मनात दोनदा मोजून पाहिलं आणि रिकामी डबी खिशात टाकली.

"आणि याहून थोडी कच्ची करा," सासरे म्हणाले. "ही फार टिकतात."