मुखत्यारपत्रातले 'वगैरे'

मित्रांनो, मी एक जुने मुखत्यारपत्र आहे. नाव ऐकून दचकू नका. ज्याला आपल्या घरादाराच्या कामांसाठी स्वतः जाणे जमत नाही, तो लिहून देतो, 'माझ्या वतीने यांनी ही कामे करावीत.' असे लिहून दिलेला कागद म्हणजे मी. आता माझ्या घड्या विरल्या आहेत आणि कडेला चिकटपट्टी लावावी लागली आहे.

माझा जन्म कचेरीबाहेरच्या एका टायपिस्टच्या टेबलावर झाला. समोर एक तरुण आई बसली होती. वडिलांनी तिच्या नावे केलेले घर इथे राहणार होते आणि ती नवऱ्याच्या नोकरीपायी दूरच्या देशात निघाली होती. शेजारी तिचा थोरला भाऊ, तिचा दादा, बसला होता. मांडीवरची लेक टेबलावरच्या टाचण्यांकडे झेपावत होती. आईचा एक डोळा माझ्यावर, तर दुसरा टाचण्यांवर.

टायपिस्ट मोठ्याने वाचत होता. "भाडेकरू ठेवणे, भाडे घेणे, कर भरणे, दुरुस्ती करणे... आणखी काय घालू, ताई?"

"अगंबाई, हिनं टाचणी तोंडात घातली की काय! वगैरे लिहा हो, वगैरे!"

टाचणी लेकीच्या तोंडात गेली नव्हती. 'वगैरे' मात्र माझ्या पोटात गेले.

आईने न वाचताच सही केली. "दादा, तुझ्या भरवशावर जातेय."

"जा गं निवांत. मी आहे ना."

सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! दादा मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून बगलेत धरी. खिडकीपलीकडचे कारकून मला उलटसुलट करून पाहत आणि म्हणत, "कागद पक्का आहे." माझी छाती फुगे. पुढे पुढे मात्र त्याच खिडक्या, त्याच रांगा. झेरॉक्सच्या तापल्या काचेवर पालथे पडायचे, शिक्का खायचा, घडी होऊन परत पिशवीत. भाडेकरू बदलले, नळ फुटले, खालच्या मजल्यावरच्या काकू भिंतीवरची ओल दाखवून भांडून गेल्या. दरवेळी दादा धावला.

त्याची बायको एकदा फणकारली, "आपल्या मोरीतला नळ कधीचा ठिबकतोय, आणि हे निघाले बहिणीच्या घरी प्लंबर घेऊन!"

"निदान प्लंबर तरी ओळखीचा झाला," दादा म्हणाला. पण हसला नाही.

बहिणीचा फोन नेमाने येई. खिडकीच्या कड्या गंजल्या का? गच्ची गळते का? भाडेकरू भिंतीला खिळे तर ठोकत नाहीत ना? दूर राहणाऱ्याचा जीव असा घराच्या खिळ्याखिळ्यात अडकतो. दादा सगळ्याची उत्तरे देई, फोन ठेवी आणि गुडघे चोळत बसे.

मग एक दलाल आला. घर रिकामे होते, भिंतीला पुन्हा ओल आली होती, आणि दादा जिना चढून धापा टाकत होता.

"दादासाहेब, कशाला हाडं झिजवता? गिऱ्हाईक तयार आहे. विकून मोकळे व्हा."

"घर बहिणीचं आहे. विकायचं यात कुठं लिहिलंय?"

दलालाने माझ्यावर बोट ठेवले. "हे काय! वगैरे. वगैरेत सगळं आलं. आमचे वकील बसवतात बरोबर."

दादाने मला घट्ट धरले. त्याच्या अंगठ्याचा घाम मला लागत होता. मित्रांनो, मला ओरडावेसे वाटले, पण कागदाला कुठली वाचा! सही करणारी सातासमुद्रापार, सही चालवणारा दमलेला, आणि मधे मी.

शेवटी त्याने ती ओळ सावकाश वाचली. "कर भरणे, दुरुस्ती करणे, वगैरे... अहो, या वगैरेत पाण्याची टाकी धुणं बसेल. बहिणीचं घर कसं बसवू?"

"ओढूनताणून बसतं हो."

"ओढूनताणून चप्पल बसते. मग पाय सोलतो. या तुम्ही."

दलाल गेल्यावर त्याने तिथेच पायरीवर बसून बहिणीला फोन लावला. "आज तुझं घर विकायची बुद्धी झाली होती मला."

पलीकडून घाबरा आवाज, "दादा, काय बोलतोयस?"

"विकलं नाही. पण आता माझ्याच्यानं होत नाही गं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू कड्यांचं विचारायचीस. मी कड्यांचं सांगायचो."

सुट्टी मिळताच ती आली. लेक आता तिच्या खांद्याला लागत होती. ओळीखाली बोट धरून तिने मला प्रथमच पूर्ण वाचले, आणि 'वगैरे'पाशी तिचा चेहरा उतरला. घर सांभाळायला तिने पगारी व्यवस्थापक नेमला. त्याच्यासाठी नवा कागद झाला. त्यात प्रत्येक काम नावानिशी आहे, आणि 'विकण्याचा अधिकार नाही' असे स्वच्छ लिहिले आहे. मला तिने रीतसर रद्द केले. रद्द होताना वाईट वाटेल असे वाटले होते. खरे सांगू? पाठ टेकल्यासारखे वाटले. दादाही त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या झोपला, आणि बहिणीने त्याला उठवले नाही.

मित्रांनो, सही करण्याआधी कागद शेवटच्या शब्दापर्यंत वाचा, मांडीवर मूल रडत असले तरी. आणि एक ध्यानात ठेवा. अधिकार कागदावर लिहून देता येतो, पण ज्याच्या खांद्यावर तो दिला, त्याला "दमलास का रे?" हे तोंडानेच विचारावे लागते.