फरशीपासून खुर्चीपर्यंत

व्यायामशाळेच्या दारावर पाटी होती, ‘फक्त पुस्तकी किड्यांसाठी. आत आरसे नाहीत.’

लेकीनं ही जागा शोधून काढली होती. “आई, दिवसभर प्रुफांवर वाकून वाकून तुझं प्रश्नचिन्ह झालंय. आठवडाभर जाऊन तर बघ. सगळे तुझ्यासारखेच आहेत तिथं.” बाईंनी उभ्या आयुष्यात काना-मात्रेपलीकडे काही उचललं नव्हतं. पण गेल्या.

आत खरंच आरसा नव्हता. भिंतीवर फळा, कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट, आणि दम खाताना वाचत बसायची मुभा. खरं नाव कुणी विचारत नव्हतं. दातांचे एक डॉक्टर होते, त्यांना ताऱ्यांचं वेड, म्हणून ते दुर्बीण. मुंग्यांवर संशोधन करणारी लांब वेणीची पोरगी, ती मुंगी. जागा चालवणारे पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक, त्यांना मास्तर म्हणत. बाई आल्या आल्या स्वल्पविराम झाल्या.

रीत एकच. पहिल्या दिवशी मास्तर विचारत, “काय उचलायचंय?” किलो सांगायचे नाहीत, वस्तू सांगायची. दुर्बिणींना आपली अवजड दुर्बीण गच्चीवर न्यायची होती. मुंगीला स्वतःच्या दसपट उचलायचं होतं, “पण दीडपटीवर तडजोड करीन.”

“आणि ताई, तुम्हाला?”

बाईंच्या तोंडून निसटलं, “आमच्या ह्यांना.”

“म्हणजे?”

“पडले तर उचलून खुर्चीत बसवता यायला हवं.”

मास्तरांचे डोळे लकाकले. वजन किती, उंची किती, पाय जड की पोट? बाईंनी सगळं सांगितलं. ह्यांना जाऊन वर्ष होत आलंय, एवढंच सांगायचं राहिलं.

भर दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात पडले होते. बोलणं शाबूत होतं. “मला जरा खुर्चीत बसव गं. फरशी गार लागतेय.” बाईंनी हात धरून ओढलं, कंबर धरून ओढलं, उशी आणली, पुन्हा ओढलं. “मी काय कपाट आहे?” म्हणून ते हसलेसुद्धा. मग म्हणाले, “राहू दे. तूच बस खाली.” रुग्णवाहिका येईतो बाई त्यांच्या शेजारी फरशीवर बसून राहिल्या. त्यानंतर ते घरी आलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, उचललं असतं तरी फरक पडला नसता. पण फरशी किती गार होती ते डॉक्टरांना काय माहीत! लेक म्हणाली, “एकट्या बाईला ते जमलंच नसतं, आई.” ह्या एका वाक्याच्या आधारानं बाई दिवस काढत होत्या. ते खरं की खोटं, तेवढंच त्यांना बघायचं होतं.

इकडे गुळाला मुंगळे लागावेत तसे सगळे त्या प्रश्नाला चिकटले. लोखंडाचा दांडा सरळ असतो, माणूस कुठला सरळ असायला! म्हणून त्यांनी जाड कापडाचा माणूस शिवला. डोकं, धड, हातपाय, सगळं वेगवेगळं तोलून वाळूनं भरलं. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी बाई आत आल्या, तर फरशीवर एक गृहस्थ आडवे. अंगात चौकड्यांचा शर्ट, नाकावर चष्मा.

“या ताई! नवरोबा सकाळपासून पडलेत, कुणी पाणी विचारलं नाही,” दुर्बीण म्हणाले.

“घोरत नाहीत, एवढीच खोट राहिली,” मुंगी म्हणाली.

सगळे हसले. बाईही हसल्या. दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

मग त्यांनी पदर खोचला आणि त्या दिवशी ओढलं होतं तसंच हात धरून ओढलं. वाळूचा माणूस तसूभर हलला नाही. बाईंच्या छातीवरचा धोंडा मात्र हलला. “नाहीच उठत,” त्या म्हणाल्या. आवाज जवळजवळ आनंदी होता. “जमायचंच नाही कुणाला. चला, झालं.”

“झालं कसं? हात ओढाल तर हातच निखळेल!” मास्तर पुढं सरसावले. “आधी त्याला बसता करा. आता पाठीमागं या. बगलांखालून हात घाला, त्याचाच हात त्याच्या पोटावर आडवा धरा. छातीला घट्ट लावा. तुम्ही गुडघ्यांतून उठा, तो आपोआप येईल. आधी बुटकं स्टूल, मग खुर्ची.”

बाई गुडघ्यांतून उठल्या. तो आला. स्टुलावर टेकला. पुन्हा उठल्या. तो खुर्चीत बसला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर तर हरखून गेले. “बघितलंत? ताकदीचं कामच नाही! एका आठवड्यात कप्पाळ ताकद येणार? नुसती युक्ती. पहिल्या दिवशीही जमलं असतं तुम्हाला. कधीही जमलं असतं!”

बाईंचे हात अजून त्याच्या छातीभोवतीच होते. हनुवटी वाळूच्या खांद्यावर. शर्टाला भलत्याच घरच्या साबणाचा वास येत होता.

“आता एकदा काकांनाच घेऊन या,” मुंगी म्हणाली. “खऱ्या माणसावर करून बघू.”

“त्यांना फरशी गार लागत होती,” बाई म्हणाल्या. “खुर्चीत बसव म्हणाले. दुसरं काही मागितलं नाही हो त्यांनी.”

लागत होती, म्हणाले, मागितलं नाही: सगळा भूतकाळ. मुंगीनं तोंडावर हात ठेवला. दुर्बिणींनी हळूच त्या कापडी नाकावरचा चष्मा काढून घेतला. “ताई, मी...” मास्तर म्हणाले.

“तुम्ही चांगलंच शिकवलंत, मास्तर.”

मास्तर खुर्चीशेजारी फरशीवरच बसले. “दमाल, ताई. सोडा आता.”

“सोडलं तर पडतील,” बाई म्हणाल्या.

ते खरं होतं. वाळूचा माणूस एका अंगाला कलायला लागला होता. दुर्बीण पुढं आले आणि त्यांनी समोरून त्याचे दोन्ही खांदे धरले. “धरलंय मी,” ते म्हणाले.

तरी बाईंनी हात काढले नाहीत. आधी त्याची वर गेलेली कॉलर नीट केली, मग एक हात काढला.