निसटलेली नळी

निरीक्षकांच्या गाडीत पिवळा दिवा लागला तेव्हा गाडी त्यांची बायको चालवत होती. एवढ्या एका पुराव्यावर खटला उभा राहिला, चालला आणि निकालही लागला. आरोपीला वकील नव्हता, आणि न्यायाधीश घरातच जेवायला होते.

निरीक्षक म्हणजे वजनमापांचे निरीक्षक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हुद्दा अंगाला चिकटला तो चिकटलाच. उभी हयात त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली होती. कुणाच्या पारड्याखाली मेणाचा गोळा आहे, कुणाच्या किलोच्या तळाला भोक पाडलंय, हे त्यांना लांबून कळायचं. ‘साहेब, कालपर्यंत बरोबर होतं’ हे वाक्य त्यांनी इतक्या जणांकडून ऐकलं होतं, की पुढे पुढे ते दुकानदाराच्या आधी स्वतःच म्हणून टाकायचे.

बायको गाडी शिकली ती पंचावन्नी ओलांडल्यावर, आणि तीही हौस म्हणून नव्हे. तिच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. आता गुडघा वाकवायचे व्यायाम करून घ्यायला ताईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेऊन आणायला हवं होतं. ताईचे यजमान, म्हणजे निरीक्षकांचे साडू, नजरेने अधू. त्यांच्या हाती गाडी देण्यापेक्षा ताईंनी लंगडत गेलेलं बरं. तेव्हा बायको म्हणाली, “मी नेईन.” तिने शिकवणी लावली, परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. निरीक्षक तिसऱ्या फटक्यात झाले होते, पण तो विषय घरात निघत नसे.

मग एके दिवशी ती पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन ताईकडे गेली, आणि परत येताना समोर पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असतं तो. तिने गाडी जपून घरी आणली, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “अहो, काहीतरी झालंय. नळाच्या तोटीसारखं दिसतंय.”

“झालंय नाही, केलंयस,” निरीक्षक म्हणाले.

खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना त्यांनी त्याच संध्याकाळी ही हकिकत साभिनय ऐकवली. बायको स्टिअरिंग कसं धरते, तर पळणाऱ्या बोकडाची शिंगं धरावीत तसं. अ‍ॅक्सिलरेटर कसा दाबते, तर मुंगी मारल्यासारखा. दंतवैद्य स्टुलावर बसल्या बसल्या डोळे पुसेपर्यंत हसले. मग साडूंना फोनवर तीच हकिकत झाली. फोनवर अभिनय दिसत नाही, म्हणून निरीक्षकांनी आवाज घातले. बायको आत भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज मात्र अजिबात आला नाही.

त्या दिवसापासून तिने किल्लीला हात लावला नाही.

निरीक्षकांनी कोड वाचायचं एक छोटं यंत्र विकत आणलं. ते स्टिअरिंगखाली खुपसलं की गाडीचं दुखणं फोनवर उमटतं. दुखणं उमटलं: मिश्रण पातळ. म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. हवा किती आत येते ते मोजायला वाटेत एक सेन्सर असतो, आणि त्या मापाने गाडीतला संगणक पेट्रोल सोडतो. निरीक्षकांना हे फार आवडलं. आत एक तराजू आहे आणि तो चुकतोय, एवढं त्यांना पुरेसं होतं.

“टाकीचं झाकण नीट लावलं नसशील,” ते बायकोला म्हणाले.

“मी पेट्रोल भरलंच नव्हतं.”

“मग जुनं पेट्रोल असेल.”

“ते तुम्ही भरलेलं.”

“तपास चालू आहे,” निरीक्षक म्हणाले. उत्तर नसलं की ते हेच म्हणत. त्यांचं सगळं खातंच हे म्हणत असे.

रविवारी सकाळी तपास आवारात सुरू झाला. बॉनेट उघडलं. बायकोला त्यांनी चालकाच्या जागी बसवलं आणि फोन हातात दिला. जुना कोड पुसून पाटी कोरी केली, इंजिन चालू ठेवलं. “वरचा आकडा मोठ्याने वाचत राहा,” ते म्हणाले. “संगणक नेमापेक्षा किती टक्के पेट्रोल जादा ओततोय तो. शून्याच्या आसपास हवा.”

“चोवीस,” बायको म्हणाली. “पंचवीस. चोवीस.”

“बघ. घटाघटा पितेय.”

“माझ्यामुळे?”

“वाच.”

निरीक्षक इंजिनावर वाकले आणि एकेक नळी दाबत चालले. हवा मोजल्यानंतर कुठे फट असली, तर तिथून न मोजलेली हवा आत शिरते आणि हिशेब चुकतो, असं त्यांनी वाचलं होतं. बारक्या नळ्या झाल्या. आकडा हलला नाही. मग त्यांनी फिल्टरच्या डब्याकडून इंजिनाकडे जाणाऱ्या मनगटाएवढ्या रबरी नळीवर हात ठेवला आणि तिला आत ढकललं.

“चोवीस,” बायको म्हणाली. “सतरा. नऊ. अहो, तीन झाला.”

निरीक्षकांनी हात काढला.

“अकरा. वीस. चोवीस.”

त्यांनी पुन्हा ढकललं. तीन. पुन्हा सोडलं. चोवीस. मग ते खाली वाकून बघू लागले, आणि बघताना त्यांचे कान गरम झाले. नळी अर्धीच बसली होती. तिला आवळणारी पट्टी डब्याच्या तोंडाच्या कडेवर नव्हतीच. ती अलीकडे, नुसत्या रबराला मिठी मारून बसली होती. पट्टीच्या स्क्रूवर ताजा ओरखडा होता. तो त्यांच्याच स्क्रूड्रायव्हरचा, कारण त्याचं टोक एका बाजूने तुटलेलं होतं आणि ओरखडाही तसाच एकांगी होता.

त्यांना सगळं लख्ख आठवलं. बायको एकटी गेली त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एअर फिल्टर बदलला होता. डबा उघडायला नळी काढावी लागली होती. नळी परत लावताना दंतवैद्य समोर उभे होते आणि निरीक्षक त्यांना, हल्ली लोक कसं कामात लक्ष देत नाहीत, ते सांगत होते.

“चांगलं की वाईट?” आतून बायकोने विचारलं. “तीन झाला होता ना मघाशी.”

आता इथे एका माणसाने दोन शब्द बोलायचे होते. ‘चूक माझी.’ दोनच शब्द आणि चार अक्षरं. निरीक्षकांनी तोंड उघडलं, आणि त्यातून आलं, “बघायला लागेल.”

“फार बिघडलंय का?”

“तू वर जा. दमली असशील.”

ती गेली. निरीक्षकांनी नळी नीट बसवली, पट्टी कडेवर घेतली, आवळली. सगळ्याला मिळून एक विडा चघळावा इतकाही वेळ लागला नाही. इंजिन चालू करून पाहिलं. आकडा दोन, एक, दोन. गाडी बरी झाली होती. आवारात त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी बॉनेट असं हळू लावलं, जणू आत कुणी झोपलंय.

नोकरीत ते एक गोष्ट शिकले होते. ज्याच्या तराजूत खोट असते तो दुकानदार आधी खुर्ची देतो, मग चहा मागवतो. त्या दुपारी निरीक्षकांनी बायकोला स्वतःची आरामखुर्ची दिली आणि चहा करून आणला.

बायकोने आधी चहाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

“सापडला दोष,” ते म्हणाले. “बारीकसारीक होतं. मी नीट केलंय. आता खुशाल चालव.” एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण सवय वाईट. ते पुढे म्हणाले, “पण जपून.”

बायको चहा पीत राहिली. तिने कौतुक केलं. “तुम्ही होतात म्हणून,” ती म्हणाली. “गॅरेजवाल्याने किती दिवस ठेवली असती कोण जाणे.” निरीक्षकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या ऐकायची त्यांना सवय होती. दुकानदारांनी त्यांना पोटभर दिल्या होत्या, आणि त्या अंगाला लागत नसत. हे कौतुक मात्र नेमकं लागलं.

संध्याकाळी बायको पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. फोन शेजारी ठेवून तिने ताईला लावला. हात मोकळे नव्हते म्हणून आवाज मोठा करून ठेवला होता. पलीकडे साडूंनीही तसाच ठेवला होता, कारण त्यांना सगळ्यांची बोलणी ऐकायला आवडत.

“ताई, तू दुसरं कुणी बघ गं,” बायको म्हणाली. “मला नाही जमणार न्यायला.”

“का? गाडी नीट झाली म्हणालीस ना?”

“गाडी झाली. मी कुठे झाले? एकदा एकटी नेली तर इंजिन बिघडवून आणलं. तुला घेऊन जाताना रस्त्यात काही झालं म्हणजे? तू काठी सांभाळणार, का मी गाडी?”

“मग राहू दे तो व्यायाम,” ताई म्हणाल्या. “परक्या ड्रायव्हरच्या हातून मी पाय उचलून घेणार नाही. तू शिकलीस म्हणून मी हो म्हटलं होतं. उद्या सांगते दवाखान्यात, माझं नाव काढा.”

“अगं, गुडघा धरून बसेल.”

“बसू दे. मी तरी कुठे धावणार आहे आता.”

निरीक्षक दारात उभे होते. हातात वर्तमानपत्र होतं. ते उलटं आहे हे त्यांना नंतर कळलं.

“नळी मी लावली नव्हती,” ते म्हणाले.

बायकोची घडी अर्ध्यात थांबली. “काय?”

“एअर फिल्टर बदलला ना मी, तेव्हा नळी काढली होती. नीट लावली नाही. तू गाडीत बसायच्या आधीपासून निसटलेली होती. तुझा काही संबंध नाही.”

“काय म्हणताहेत भाऊजी?” फोनमधून ताई.

“नळी म्हणताहेत,” फोनमधून साडू.

“कसली नळी?”

“पाण्याची असेल. गळत असेल.”

“भाऊजी, जरा मोठ्याने बोला. यांना नीट ऐकू आलं नाही.”

गुन्हा एकदा कबूल करणं अवघड असतं. तोच गुन्हा पलंगावर वाकून, फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन, खणखणीत आवाजात दुसऱ्यांदा कबूल करणं कसं असतं, हे निरीक्षकांच्या खात्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी केलं. पलीकडून साडू म्हणाले, “अरेच्चा. म्हणजे तो बोकड उगीचच.”

“तुम्हाला कधी कळलं?” बायकोने विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

“सकाळी.”

“मी आकडे वाचत होते तेव्हा?”

“हो.”

“तीन म्हटलं तेव्हा?”

“हो.”

“मी विचारलं, चांगलं की वाईट. तुम्ही म्हणालात, बघायला लागेल.”

असे प्रश्न निरीक्षकांनी आयुष्यभर विचारले होते. एकापुढे एक, लहान लहान, पळायला वाट न ठेवणारे. समोरच्याला त्या वेळी कुठे बघावं ते कळत नसतं, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. ते जमिनीकडे बघत राहिले. तिथेही फारसं काही नव्हतं.

“लाज वाटली,” ते शेवटी म्हणाले.

“आणि मग चहा केलात.”

“हो.”

बायकोने घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली. “ताई, नाव काढू नकोस,” ती फोनला म्हणाली. “मी आत्ता येतेय तुझ्याकडे. गाडीत पाय कसा आत घ्यायचा ते एकदा बसून बघू.”

तिने कपाटातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि किल्ली घेतली. निरीक्षक मागोमाग आवारात गेले. “कुठला स्क्रू?” तिने विचारलं. त्यांनी दाखवला.

“मी आवळलाय आता,” ते म्हणाले.

“तेव्हाही तुम्हीच आवळला होता.”

तिने नळी ओढून पाहिली, पट्टी कडेवर आहे का ते बोटाने चाचपलं आणि स्क्रूला आणखी पाव वळसा दिला. बॉनेट दाणकन लावलं.

“मी येऊ बरोबर?”

“नको. तुम्ही दंतवैद्यांकडे जा.” मग गाडीचं दार उघडत म्हणाली, “त्यांना माझं सांगितलंत ना? आता हेही सांगा.”

दंतवैद्य निरीक्षकांना पाहताच खूश झाले. “या, या. वहिनींनी आज काय पाडलं?” असं म्हणत ते हसायच्या तयारीने स्टूल ओढून बसले. निरीक्षक उभ्यानेच बोलले. नळी, पट्टी, फिल्टर, सगळं क्रमाने. सकाळचं ‘बघायला लागेल’ गाळून टाकावं असा मोह फार झाला. ते त्यांनी सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू सांगितलं.

दंतवैद्यांचं तोंड बराच वेळ उघडं होतं. “मीच समोर होतो की तेव्हा,” ते म्हणाले. “छे. उगाच हसलो आपण. आता वहिनींसमोर जायचं कसं?”

“तुम्हाला नुसतं समोर जायचंय,” निरीक्षक म्हणाले. “मला जेवायला बसायचंय.”

गाडी परत आली तेव्हा ते फाटकाशी होते. ती गाडी मागे घेत असताना ‘डावीकडे, अजून डावीकडे’ करायला हात वर गेला होता, तो त्यांनी खाली घेतला. बायकोने एकटीने गाडी लावली. जरा वाकडी लागली. निरीक्षकांनी ते पाहिलं आणि नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. पाहून सोडून दिलं.

“दिवा?” त्यांनी विचारलं.

“नाही लागला.” तिने पर्स काढली, दार लोटलं. “ताईचा पाय बसतो आत. सीट मागे घ्यावी लागते, एवढंच. दंतवैद्यांना सांगितलंत?”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“फार हसले नाहीत.”

“तुम्ही रंगवून सांगितलं नसेल,” बायको म्हणाली, आणि जिना चढू लागली.