पुढचं डावं चाक

मला आवाज एकच आहे, खट्ट असा, कुलूप बसतं तेव्हाचा. तेवढ्यात आयुष्य सांगून होत नाही, म्हणून आज जरा सविस्तर बोलतो. मी जॅमर. नको तिथं लावलेल्या गाडीच्या चाकाला जो पिवळा लोखंडी जबडा अडकवतात ना, तोच.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत सांडू नावाच्या वेल्डरनं मला घडवलं. रंग वाळल्यावर त्यानं मला दारातल्या टेम्पोला लावलं, टेम्पो पुढं-मागं करून पाहिला आणि म्हणाला, "आता हत्ती ओढू दे." मला फार अभिमान वाटला होता तेव्हा.

मला विकत घेतलं आप्पासाहेबांनी. लासूर स्टेशनची जमीन विकून त्यांनी उस्मानपुऱ्यात प्लॉट घेतला होता. खाली चार गाळे, वर स्वतःचं घर, आणि पुढं आठ गाड्या मावतील एवढी फरसबंद जागा. रस्त्यापलीकडं एक दवाखाना निघाला. त्याला पार्किंग नव्हतं, त्यामुळे सगळे पेशंट गाड्या इथं लावून जायचे. गिऱ्हाइकाला जागा मिळेना म्हणून एक गाळेवाला सोडून गेला. मग आप्पासाहेबांनी पाटी रंगवून घेतली : 'खासगी जागा. विनापरवाना वाहन लावल्यास जॅमर. दंड एक हजार.' माणूस वाईट नव्हता. पण स्वतःच्या जागेत आपल्याला कुणी विचारत नाही, हे त्यांना फार लागलं होतं.

मला लावायचं काम कारभारीचं. कारभारी पैठणकडचा, या जागेचा वॉचमन. लावायला किल्ली लागत नाही, काढायला लागते. ती आप्पासाहेबांच्या करदोट्याला असायची.

माणसं मला बघून आधी लाथ मारतात. मग ती लाथ कुणी पाहिली का, ते बघतात. मग फोन लावतात. एकदा एक हवालदार म्हणाला, "आप्पासाहेब, जागा तुमची असंल, पण दंड घ्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" आप्पासाहेबांनी त्याला चहा पाजला. विषय तिथंच संपला.

एप्रिल महिना होता. सकाळचे नऊ वाजले असतील. एक जुनी पांढरी मारुती आत आली आणि कडुलिंबाखाली थांबली. चालवणारे सदाशिवराव, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले कारकून. शेजारी त्यांच्या पत्नी भानुमती. त्यांना दम्याचा झटका आला होता, ओठ निळे पडले होते. "पाच मिनिटं हं," म्हणत सदाशिवरावांनी त्यांना धरून पलीकडं नेलं.

कारभारीनं वाट पाहिली. पण वर कॅमेरा होता, आणि त्याचं चित्र आप्पासाहेबांच्या मोबाइलवर दिसायचं. फोन आला, "झोपला काय रे?" कारभारीनं मला पुढच्या डाव्या चाकाला लावलं. खट्ट.

सदाशिवराव धावतच परत आले. दवाखान्यात खाट रिकामी नव्हती, डॉक्टरांनी घाटीत, मोठ्या सरकारी दवाखान्यात, न्यायला सांगितलं होतं. त्यांनी मला पाहिलं. लाथ मारली नाही. नुसते बघत राहिले.

"अहो, काढा हो हे. ती तिकडं बाकावर बसलीय."

"मालक पडेगावला लग्नात हायेत. किल्ली त्यांच्यापाशी," कारभारी म्हणाला, आणि त्यानं फोन लावून दिला. पलीकडून आलेलं मीही ऐकलं, "सगळे असंच सांगतेत. हजार तयार ठेवा, मी तासाभरात येतो."

सदाशिवरावांनी दोन्ही हातांनी मला धरून ओढलं. त्यांचे तळवे घामानं भिजले होते. मला सुटायचं होतं, खरंच सांगतो. पण सांडूनं मला चांगलं बनवलं होतं. शेवटी ते रिक्षा बोलवून गेले.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला माझ्या जबड्यात चाक हललं.

गाडीत कुणी नव्हतं. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. तरी चाकानं पुढं जोर लावला, घाईत असलेल्या माणसासारखा. एकदा, दोनदा, तीनदा. मग थांबलं. असं रोज होऊ लागलं, पावणेअकरालाच. गाडीवरची धूळ पुसायला आलेल्या कारभारीनं चौथ्या दिवशी माझा करकर आवाज ऐकला आणि तो वाकून बघत राहिला. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन काढला. सावलीत उभ्या गाडीचं बॉनेट तापलं होतं. आणि ऐन उन्हाळ्यात काच आतून धुरकटली होती, हिवाळ्यात श्वासानं धुरकटते तशी. चालवणाऱ्याच्या समोर तेवढी हातानं पुसलेली होती.

कारभारीनं हे मालकांना सांगितलं. आप्पासाहेब हसले, पण दुसऱ्या दिवशी पावणेअकराला खाली येऊन उभे राहिले. पाहून वर गेले. दोन दिवस जेवले नाहीत, असं कारभारी गाळेवाल्याला सांगत होता.

विसाव्या दिवशी भानुमतीबाई आल्या. सोबत त्यांचे भाऊ अनंतराव. बाई वाळून गेल्या होत्या, कपाळ मोकळं होतं. त्यांनी पाचशेच्या दोन नोटा कारभारीपुढं धरल्या.

"हे त्यांच्या खिशात होते," त्या म्हणाल्या. "मला ऑक्सिजन लागला, जरा बरं वाटलं, तर म्हणाले, गाडी सोडवून आणतो. क्रांती चौकात रिक्षातच गेले."

"किती वाजता, ताई?" कारभारीनं विचारलं.

"पावणेअकरा झाले होते म्हणाला रिक्षावाला. का हो?"

कारभारीला खोटं बोलता येत नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं. अनंतराव चिडले, "काय वाट्टेल ते सांगता?" तेवढ्यात आप्पासाहेब किल्ली घेऊन खाली आले. मान खाली घालून म्हणाले, "पैसे नको, बाई. गाडी घेऊन जावा." ते माझ्यापाशी बसले, किल्ली आत घातली.

"थांबा," भानुमतीबाई म्हणाल्या. "राहू द्या ते."

"अक्का, अगं..."

"गाडी सुटली की ते कशाला येतील रे इथं?"

बाईंनी दार उघडलं आणि आपल्या नेहमीच्या जागी, डाव्या बाजूला, बरोबर माझ्या वर जाऊन बसल्या. पावणेअकराला चाकानं जोर लावला. मी वर ऐकलं, त्या हळू आवाजात सांगत होत्या, "मी बरी आहे. घाई नका करू."

त्यानंतर बाई रोज यायच्या. रिक्षातून उतरायच्या, अर्धा तास गाडीत बसायच्या. घरातलं काय काय सांगायच्या. नळाला पाणी कधी आलं, पेन्शनच्या कागदावर सही कुठं केली. कारभारी दूर उभा राहायचा. आप्पासाहेबांनी पाटी काढायला लावली होती, तरी त्या जागेकडं कुणी गाडी वळवत नव्हतं. इतर सगळी जागा भरायची, माझ्या दोन्ही बाजू रिकाम्या.

मला मात्र आणखी एक गोष्ट कळत होती, ती बाईंना कळत नव्हती. जोर कमी होत चालला होता. आधी तीनदा लागायचा, मग दोनदा. दसऱ्याच्या सुमाराला चाक नुसतं थरथरायचं. थकलेल्या माणसाचा हात कडीवर थरथरतो तसं. तरी यायचं, रोज. मी धरून ठेवत होतो आणि सोडता येत नव्हतं.

एके दिवशी बाई आत बसल्या नाहीत. वाकल्या आणि त्यांनी चाकावर हात ठेवला. पावणेअकरा झाले. बराच वेळ हात तसाच होता.

"कारभारी," त्या म्हणाल्या, "दमलेत हो ते. काढा आता."

आप्पासाहेबांनी स्वतः किल्ली फिरवली. मी उघडलो. मला बाजूला ठेवलं आणि कुणीही गाडीला हात लावलेला नसताना चाक फिरलं. हवा उतरलेल्या टायरवर गाडी फाटकापर्यंत गेली, रस्त्याच्या तोंडाशी थांबली. दवाखान्यातून रस्ता ओलांडून येणाऱ्या माणसाला सोपं जाईल, अशी. उजवीकडचं, चालवणाऱ्याचं दार कुणी उतरावं तसं उघडलं आणि आवाज न करता लागलं.

भानुमतीबाईंनी पदर डोक्यावरून घेतला. म्हणाल्या, "वाट नीट बघून जा." मग अनंतरावांनी टायरमध्ये हवा भरून घेतली आणि गाडी घरी नेली. बाई पुन्हा इकडं आल्या नाहीत.

मी आता कारभारीच्या केबिनमध्ये असतो, उघडाच. किल्ली आप्पासाहेबांनी कायगाव टोक्याला गोदावरीत टाकली. एका नव्या बिल्डिंगवाल्यानं मला विकत मागितलं होतं, त्यांनी दिलं नाही. पण जॅमर पुष्कळ आहेत आणि सांडूचा हात अजून चांगला चालतो. कुणी माझ्या भावंडांपैकी एखादा उचलून चाकापाशी बसलाच, तर माझी एक विनंती आहे. आधी रस्त्यापलीकडं बघा. तिथं बाकावर कुणी बसलंय का ते बघा. आम्हाला मान वळवता येत नाही.