ठमीचा कडबा

प्रयोगशाळेच्या मागच्या गोठ्यात बारा मेंढ्या होत्या. त्यांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं बघणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. मार लागला की काही मुलांच्या जबड्याचा सांधा हाडानं भरून येतो आणि तोंडच उघडेनासं होतं. ते का, हे शोधायला डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक मेंढीच्या सांध्याला मुद्दाम इजा केली होती. मामांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांची नऊ वर्षांची लेक झोक्यावरून हनुवटीवर पडली होती. शस्त्रक्रियेनं तोंड उघडलं आणि चार महिन्यांत पुन्हा मिटलं. आता ती दातांच्या फटीतून पातळ काहीबाही ओढून घेई.

दुखऱ्या जबड्यानं फार चावावं लागू नये म्हणून सगळ्या मेंढ्यांना भिजवलेला भुसाच घालायचा, असा हुकूम होता. पण त्यांतली ठमी महाहट्टी! भुशाला नाक मुरडायची आणि शेजारच्या गोठ्यातल्या कडब्याकडे बघून असा टाहो फोडायची, की मामांचं काळीज पाणी पाणी होई. मग ते तिला गुपचूप कडबा देत गेले.

दर सोमवारी ते पट्टीनं तोंडं मोजत. तिसऱ्या महिन्यात अकरा मेंढ्यांच्या दातांत बोट शिरेना. ठमी मात्र ऐसपैस जांभया देत होती.

"मामा, हिला वेगळं काय दिलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मामांनी सगळं कबूल केलं. नोकरी गेलीच, असं ते धरून चालले होते.

"अहो, चावत राहिली म्हणूनच सांधा मोकळा राहिला असेल! मुलांना आपण दुखलं तरी व्यायाम करायला लावतो, तो याचसाठी. आतलं हाड बघायलाच हवं. उद्या हिलाच आधी घेऊ."

घेऊ म्हणजे काय, हे गोठ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आतलं हाड बघायचं, तर आधी मेंढी मारावी लागे.

लेकीलाही पहिल्या शस्त्रक्रियेनंतर व्यायाम सांगितला होता. दिवसातून पाच वेळा दातांत लाकडी पाचर सरकवायची. ती रडायची, "नको ना बाबा," म्हणायची. मग बाबा पाचर खिशात टाकून केळं कुस्करून द्यायचे. मेंढीनं मागितलं ते दिलं, लेकीनं मागितलं तेही दिलं. लेकीचं तोंड आपल्याच मायेनं मिटलं, हे मामांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीनं मिटल्या दातांनी रोजचा प्रश्न विचारला, "बाबा, ठमीनं आज काय खाल्लं?"

"कडबा. अगदी पोटभर."

पुढच्या महिन्यात तिची दुसरी शस्त्रक्रिया होती. मामांनी कपाटातून ती जुनी पाचर शोधून काढली.

"या खेपेला तू कितीही रडलीस, तरी मी ऐकणार नाही हं," ते म्हणाले, आणि तिच्याआधी स्वतःच रडायला लागले.